भरतीची तारीख

नेमणुकीच्या यादीत निर्मलाबाई शिर्के चौदाव्या, मी पंधरावा.
एकच आदेश, एकच जावक क्रमांक.
त्यांनी सोमवारी सही केली, ऑक्टोबर संपता संपता.
माझी दुपारची लाँच चुकली. बागमांडल्याच्या धक्क्यावर
पत्र्याची ट्रंक घेऊन बसून राहिलो,
समोर बाणकोट, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं.
पुढची लाँच संध्याकाळी, तोवर केंद्राला कुलूप.
मग दिवाळी लागली. हजर झालो
तेव्हा शासन निर्णयात तारीख पडून गेली होती :
एक नोव्हेंबर. त्यानंतरचे सगळे
बाजाराच्या पदरात.

उशिराच्या खुलाशात लिहिलं, ओहोटीमुळे.
साहेबांनी शेरा मारला, मान्य.

वीस वर्षं तापाच्या घरांतून बोटं टोचली,
काचपट्टीवर रक्ताचा थेंब, खाली नाव, वय, वाडी.
एकही थेंब हरवला नाही.
माझ्या पगारातले दहा टक्के मात्र
सुरुवातीची चार वर्षं कुठं गेले
ते तालुक्याला ठाऊक नाही, जिल्ह्याला ठाऊक नाही.

संपात सात दिवस बसलो मंडणगडला.
निर्मलाबाई रोज डब्यातून घावने आणायच्या
आणि माझ्यासाठी माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायच्या.
आठव्या दिवशी समिती नेमली गेली.
पुढं मतं मागायला आले त्यांनी खांद्यावर हात ठेवला.
"तुमचं काम करायचंच आहे," दोन्हीकडचे म्हणाले.

आता मोबाइलवर रोज आकडा येतो.
कुठल्याशा समुद्रात तेलाचं जहाज अडतं
आणि इथं माझं म्हातारपण दीड टक्क्यानं खाली.
लेक पुण्याहून समजावते, "बाबा, लाँग टर्म बघा."
मार्चमध्ये मी अठ्ठावन्नचा होईन.

परवा फेरीबोटीत कासम खलपे भेटले.
लाँच कधीच विकली, आता जाळी शिवतात.
म्हणाले, "त्या दिवशी दहा मिनटं थांबलो असतो तर?
रोजे होते, नमाज गाठायची होती. मनात राहिलंय."
मी म्हटलं, "ओहोटी होती, चाचा. तुम्ही काय करणार?"

ओहोटी नव्हती. धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं.
मी श्रीवर्धनच्या पेठेत आकाशकंदील निवडत होतो,
लाल की निळा.
तीन वर्षांची लेक खांद्यावर, तिला दोन्ही हवे.
दोन्ही घेतले.
नोकरी लागली होती ना.