आवणापासून

बारा हजार तीनशे किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
मध्ये सिंगापूरला बसून राहायचं,
सगळं मिळून एकोणीस तास.
हर्षालीनं जाण्याआधी मोबाइलवर दाखवलं होतं:
एक निळी रेघ,
जाळ्याच्या ओल्या दोरीसारखी पोट सुटलेली.
"सरळ का नाही?" मी विचारलं.
"सरळच आहे पप्पा. पृथ्वी वाकडी आहे."

बाला सांगितलं तर म्हणाला,
"म्हंजे किती भरत्या?"
त्याचा हिशेब तोच.
पनवेल बंदर एक ओहोटी,
आत्याचं सासर दोन विड्या आणि एक उतार.
मी बोटं मोजली.
एक भरती, एक ओहोटी, पुन्हा एक भरती.
"मंग जवलच हाय ऑकलंड,"
म्हणाला, आणि कूस बदलली.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
हे अंतर घरापासून मोजत नाहीत.
प्रत्येक विमानतळाला एक बिंदू नेमून दिलेला असतो,
अक्षांश, रेखांश, सेकंदाच्या दशांशापर्यंत.
आमचा कुठं आहे ते मला माहीत आहे.
निदान वाटतं तसं.
मोजणीला आले तेव्हा रोजावर मीच होतो,
टेपचं दुसरं टोक धरून, पोटरीभर चिखलात.
साहेब ओरडायचा, "ताण! अजून ताण!"
आणि माझे पाय आमच्याच आवणात.
राब भाजलेली काळी माती, वीतभर रोपं,
बांधावर आईनं झाकून ठेवलेला पेजेचा टोप.

आता दुबई तिथून इतकी, लंडन तिथून इतकं.
कुणा वैमानिकाला ठाऊक नाही
की तो पेजेच्या टोपापासून मोजत निघालाय.

वडघरच्या आमच्या गच्चीपासून
तेच आवण असेल तीन-साडेतीन किलोमीटर.
एकदा निघालो, बाला स्कूटरवर मागे बसवून.
भिंत आली. भिंतीवर तारा.
चौकीतल्या पोरानं विचारलं, "कुठं जायचंय?"
बानं आतल्या बाजूला हात केला.
पोरगा हसला नाही, एवढं त्याचं चांगलं.
"काका, इथून आत
फक्त बाहेर जाणारेच जातात."

म्हणून बाचा पासपोर्ट काढला.
वय एक्याऐंशी. जन्मगावाच्या रकान्यापाशी
बाईंनी दोनदा नाव विचारलं,
मग म्हणाल्या, यादीत दिसत नाही, तालुका सांगा.
हर्षाली तिकडे खूष. आजोबांसाठी
लोकरीचे मोजे घेऊन ठेवलेत तिनं.

मी खिडकीची सीट मागून घेतली आहे.
ऑकलंडसाठी नाही.
विमान धावपट्टीवर पळतं
ती चाळीस-एक सेकंदं, तेवढ्यासाठी.
बाला समजावून ठेवलंय, डावीकडे बघ,
डोळे मिटू नकोस.

काल रात्री त्यानं अंधारातच विचारलं,
"मधी जरा थांबल का र त्यो?"