उलटा पुठ्ठा

दत्तनगरात, विकलेल्या मागाच्या जागेवर
माझं टेबल आहे. फरशीवर अजून तेलाचा डाग.
टेबलावर हिरवा बोर्ड, तळहाताहून जरा मोठा,
ज्याला सांगावं ते तो होतो:
सकाळी बेरीज करणारा, दुपारी नुसता वाट पाहणारा.

चौसष्ट वाहिन्या. आवाज शरीरात जाऊन परततो
तो प्रत्येकीकडे वेगळ्या वेळी.
मधल्यांना आधी, काठावरच्यांना उशिरा.
आधी आलेल्यांना थोपवायचं,
सगळे जमले की एकदम बेरीज.
एवढंच काम. फक्त सेकंदाच्या अब्जांशात.

गर्भ बघायची परवानगी नाही, नसावीच.
म्हणून स्टीलच्या डब्यात अगर-अगर शिजवलं,
इसबगोल ढवळलं, आणि आत ताणला
नायनांच्या पेटीतला नायलॉनचा दोरा,
बरोबर तीन सेंटिमीटर खोल.

पडद्यावर त्याचा ठिपका व्हायला हवा.
मिशी होत होती. तीही एका बाजूनं पुसलेली.
अकरा रात्री. कोड वाचला, परत वाचला.
गणित बरोबर येत होतं, त्याचीच भीती.

नायना, म्हणजे अंबादास येमूल,
तीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे ठोकलेले,
चहा घेऊन मागं उभे. चष्मा कपाळावर.
कच्च्या लहरींच्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाले,
"इथनं कमान येतीय बघ, अशी वाकत वाकत…
आन् हे आठ धागे उलटे पळतायत.
मोराची मान अशीच मोडायची,
पुठ्ठा उलटा शिवला की."

नायना, ह्यात पुठ्ठे नसतात, मी म्हणाले.
जरा जोरातच.
कप ठेवून ते झोपायला गेले.

रात्री दोनला केबल उपसली.
तिसरा कनेक्टर. आठ पिना.
उलटा. माझ्याच हातानं बसवलेला.

सोल्डरिंग गन तापवलीच नाही.
आठ ओळी बदलल्या, बोर्डाला सांगितलं,
सतराव्याला चोविसावा समज,
अठराव्याला तेविसावा, असंच पुढं.
त्यानं का म्हणून विचारलं नाही.

आणि दोरा आला.
तांदळाच्या कणीएवढा, पांढरा,
राखाडी इसबगोलात एकटा.

सकाळी नायनांनी पाहिलं, बराच वेळ.
"दोरा ह्याच्याहून बारीक आहे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी डब्याला वास सुटला.
मी सगळं मोरीत ओतायला निघाले,
तर त्यांनी आधी दोरा काढून घेतला,
धुतला, बोटाला गुंडाळला,
आणि पेटीत परत ठेवला.