साय क्रमांक तीन

आमच्याकडे रंगांना आकडे असतात.
साय क्रमांक एक: कोवळी. ती कोणी मागत नाही.
क्रमांक दोन: खिडकीत राहून गेलेल्या कागदाची.
तीन मात्र जोरात चालते.
साठ-सत्तर वर्षं कुणाच्या मनगटावर
घाम पिऊन, ऊन खाऊन,
मग एखाद्या खणात विसरलं गेल्यावर येतो
तो पिवळट तपकिरी रंग
मी सकाळी आठला डबीत कालवते.
जेवायच्या सुट्टीआधी वाळलेला असतो.

ला शो-द-फोंमध्ये मार्च संपला तरी बर्फ हटत नाही.
कारखान्याला भिंती कमी, खिडक्या जास्त.
उत्तरेचा उजेड टेबलावर सपाट पडतो,
आणि भिंगाखाली तबकडी,
तिळाएवढे आकडे.

लोरां जिनिव्हाहून येतो, पायात पांढरे बूट.
नव्या घड्याळाचं नाव त्यानं ‘वारसा’ ठेवलंय.
आत सगळं आजचं, एकदा चावी दिली की तीन दिवस बघायला नको.
काचेवर ओरखडा उठत नाही,
पण फुगवटा जुन्या काचेचा.
किंमत माझ्या आठ पगारांची.
सीमेपलीकडून रोज येणारी नोएमी म्हणते,
घड्याळाला सुरकुत्यांचे पैसे मिळतात,
आपल्याला क्रीमचं बिल.

या वेळी लोरांला सावलीही हवी आहे.
जुन्या तबकड्यांवर असते तशी,
काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबले की
त्यांच्याखाली उमटते ती, करपल्यासारखी.
‘पण देखणी,’ तो म्हणाला. ‘दहा वाजून दहा मिनिटांवर.’

मला ती सावली ठाऊक आहे.

आजीची धाकटी बहीण ब्लुएट
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तबकड्या रंगवायची.
पोऱ्या घसरगाडीवरून ट्रे आणून द्यायचा, दर डझनावर मजुरी.
रंग अंधारात हिरवा उजळायचा.
दिवा न लावता तिला कात्री सापडायची,
दाराची कडी सापडायची,
स्वतःची बोटंही.
ब्रशचं टोक हवं तर ओठ होतेच.
शेवटची सहा वर्षं तिनं चावायचं असं काही खाल्लं नाही.
घरात सगळे सूप छान झालंय म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी सरकारची दोन माणसं आली,
बूट बाहेर काढून, फार नम्र.
हातातली पेटी खिडकीखाली नेली
आणि ती तडतडली, लाह्या फुटाव्यात तशी.
चार फळ्या उखडून, पिपात भरून, मोहर लावून नेल्या.
आता तेवढाच चौकोन नवा दिसतो.
त्याला साय लावून द्या असं
कुणी मला म्हणालेलं नाही.

तिचं घड्याळ माझ्याकडे होतं. तेही त्यांनी मागितलं.
द्यायच्या आधी मी काटे फिरवून पाहिले.
काटे निघाले. सावली बसून राहिली,
चार वाजायला वीस मिनिटं कमी.
दुपारचे की पहाटेचे, ते तबकडी सांगत नाही.

पहिला नमुना मी तसाच केला.
लोरांनं भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ.
मी ओठांवर चूक झाली हे वाक्य तयार ठेवलं होतं.
‘वा,’ तो म्हणाला, ‘हे खरं वाटतंय. हेच ठेवू.
दहा वाजून दहा सगळेच करतात.’

तीनशे करायची आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक.
एकशे बारा झाली.
रंग निरुपद्रवी आहे, डबीवर तसं छापलंय,
मी दोनदा वाचलंय.
तरी ब्रश धुतला की हात आपणहून वर येतो,
ओठांपासून वीतभर अंतरावर थांबतो.
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

टोक अंगठ्याच्या नखावर करते.
पुढचा आकडा सहाचा.