प्रश्न उद्भवत नाही

तारांकित प्रश्न क्रमांक एक्केचाळीस हजार आठशे बहात्तर.
कळमनुरीच्या मूकबधिर निवासी शाळेतल्या
सव्वीस मुलांना श्रवणयंत्रे मिळाली नाहीत, हे खरे आहे काय?
हे अंशतः खरे आहे.
असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
प्रश्न उद्भवत नाही.

छापील उत्तर हातात धरून निळेकर ताई उभ्या राहिल्या,
बसा म्हटलं तरी उभ्याच,
तेव्हा मंत्री म्हणाले, तीन महिन्यांत देऊ.
बाकं वाजली. मी लिहिलं.
प्रतिवेदकाची पाळी दहा मिनिटांची असते,
वाक्य अर्धं राहिलं तर पुढचं दुसऱ्याचं.

सभागृहात दिलेला शब्द पुढे कुठे जातो
हे शोधायला एक समिती असते.
तिच्यावर जायला फारसं कुणी भांडत नाही.
ताई भांडल्या.

तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, हिंगोली.
अकरापैकी चार सदस्य आले,
त्यातले एक विश्रामगृहावरच झोपले.
ड्रायव्हर म्हणाला, अर्धा घंटा लागंल, रस्ता खोदायलेत.
काचा खाली केल्या तर
शिजत्या हळदीचा वास गाडीत येऊन बसला,
फायलींवर, ताईंच्या चष्म्यावर.

शाळेत सतरंजी, बिसलेरी, काजूची बशी.
समाजकल्याणचे साहेब उभे राहून म्हणाले,
वाटप झालं आहे, छायाचित्र जोडलं आहे.
छायाचित्रात सव्वीस मुलं, बावन्न कान, सगळ्यांत यंत्रं.
ताईंनी छायाचित्र उलटं केलं, मागचं कोरं पाहिलं,
आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला बोटानं विचारलं,
तुझं कुठंय?

तरन्नुम तिचं नाव. सातवीत.
तिनं दोन्ही हातांनी काहीतरी लांबलचक सांगितलं,
मनगटं वळली, एक मूठ उघडली, मिटली,
कानापासून काहीतरी उपटून दूर ठेवलं.
खोलीत पंख्याचाच आवाज.
माझी पेन्सिल थांबलेली.
चोवीस वर्षांत मी हशा लिहिला, गोंधळ लिहिला,
सन्माननीय सदस्य खाली बसले, असं लिहिलं;
हे कसं लिहायचं कुणी शिकवलं नव्हतं.

खिल्लारे मॅडम म्हणाल्या,
ती म्हणायलीय, फोटो झाल्यावर परत घेतली.
खोक्यात घातली. खोकं गाडीत.
साहेब म्हणाले, सेल संपले होते, महोदया.
ताई म्हणाल्या, कुणाचे?
हे मी लिहिलं.

उठताना तरन्नुम माझ्या टेबलापाशी आली.
वहीत जाड रेघा, बारीक रेघा, आकडे, ठिपके.
तिनं एका वळणावर बोट ठेवलं,
मग तेच वळण हवेत काढलं, अगदी बरोबर,
आणि भुवया उंचावून विचारलं.
यात मी कुठं आहे, असं असावं.
मॅडम तोवर बाहेर गेल्या होत्या.
मी दाखवलं ते खिल्लारे मॅडमचं वाक्य होतं.

मुंबईत अहवालावर बैठक.
ताईंच्या मसुद्यात होतं, तात्काळ.
सचिवालयानं केलं, यथाशीघ्र.
एका शब्दासाठी दीड तास.
चहा दोनदा आला. कुणीतरी म्हणालं, ताई, भाव एकच आहे.
शेवटी ठरलं, तीन महिन्यांत.
ताई हसल्या नाहीत. मीही हशा लिहिला नाही.

जूनमध्ये अकरा यंत्रं पोचली, असं विभागानं कळवलं.
अकरात ती आहे का, हे कळवलेलं नाही.
जुलैत ताईंची मुदत संपली,
निरोपाची भाषणं झाली, माझी पाळी चौथी होती.
शेवटी त्या आभार मानायला उठल्या,
बोलता बोलता आमच्या टेबलाकडे पाहून
कानापाशी मूठ नेली, उघडली, भुवया उंचावल्या.
क्षणभरच.

माझी सात मिनिटं झाली होती. अजून तीन होती.
छापील कार्यवाहीत त्या जागी
दोन वाक्यांमध्ये नेहमीएवढंच अंतर आहे.