इतिवृत्त

पुकेकोहे. मंगळवार. विषय क्रमांक सात:
शहराची हद्द कांद्याच्या शेतांपलीकडे सरकवणे.
प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं.

मेरेआना तुहोरो बोललीच नाही.
पिशवीतून ढेकूळ काढलं, लाल, अजून ओलसर,
आणि नकाशावर फोडलं,
बरोबर तिथे, जिथे पिवळ्या रंगात
चारशे घरं आधीच उगवली होती.
मग बसून राहिली, उरलेली अडीच मिनिटं.

कोणीतरी खोकलं.
सल्लागार म्हणाला, माती काय, उचलून दुसरीकडे नेता येते.
मागच्या बाकावरून म्हातारा डॅल्टन:
"मग ज्वालामुखी पण ने!"
(हशा. नोंदवला नाही.)

पाच विरुद्ध चार.
रेघ आहे तिथेच राहिली,
पुढच्या फेरविचारापर्यंत. म्हणजे तीन वर्षं.
म्हणजे कांद्याची तीन पिकं, पाऊस नीट वागला तर.
मी लिहिलं: ठराव नामंजूर.

सगळे गेल्यावर नकाशा झटकला,
ओल्या फडक्याने पुसला.
पिवळ्यावरचा डाग निघेना,
उलट पसरला, रेघेच्या अलीकडे-पलीकडे.
तसाच गुंडाळून कपाटात ठेवला,
सही-शिक्क्यासकट.

नखांतली माती
इतिवृत्तात आली नाही.
घरी आली.