शिशाची साय

घाट रोडच्या मागल्या गल्लीत
दौलत निनावे हेड उलटं ठेवतो टेबलावर,
बापूंच्या चौऱ्याहत्तर सालच्या अॅम्बेसेडरचं,
आणि एग्झॉस्टच्या चारही सीटांवरून बोट फिरवतो,
लहान पोराच्या हिरड्या चाचपाव्यात तसं.
"खाल्ल्या," म्हणतो. "पुऱ्या खाल्ल्या.
व्हॉल्व्ह पहा कसा बुडून राह्यला आत."

मी मेयोच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली.
शिसं मला माहीत आहे ते रक्तातलं:
बॅटऱ्या वितळवणाऱ्या पोरांच्या
तांबड्या पेशींत उठलेले निळे ठिपके,
रिपोर्टखाली माझी बारीक सही.
म्हणून म्हणाले, पेट्रोलमधून शिसं गेलं
ते बरंच झालं की, निनावे.
तो पन्नीत खर्रा घोटत होता. थांबला.
"तुमचं बरं झालं बाई. सीटचं काय?"

मग दोन्ही पंजे एकमेकांवर आपटून सांगितलं:
व्हॉल्व्ह मिनिटाला हजारदा बसतो,
लाल होऊन बसतो.
मधे शिशाची साय असायची,
काजळाच्या बोटाइतकी. ती गेली.
आता लोखंडाला लोखंड चिकटतं
आणि सुटताना कणभर तोडून नेतं.
"टॅपेटची फट रोज जराशी मिटते,
खडखड कमी होते.
लोकं म्हणतात, गाडी मस्त चालून राह्यली."

शेवटच्या वर्षी बापूंनी भांडणं सोडलं होतं.
आम्ही म्हणायचो, आता कसे शांत झालेत.

निनावेचे वडील गोळीबार चौकात मागावर बसायचे,
लुगड्याच्या काठातले धागे मोजायचे.
हा थाऊ मोजतो.
रिंग घरापेक्षा तीन थाऊ मोठी हवी;
जे सहज मावतं ते निसटतं, म्हणतो.
कटर उतरतो, बिडाची काळी भुकटी उडते,
मिशीवर बसते, माझ्या पर्सवरही.
तिसऱ्या सीटला त्याचा हात थबकला.
खाली पाण्याची वाट. भिंत किती उरली
हे पन्नास वर्षांचा गंज जाणे.
त्यानं नखानं टकटक केलं, कान लावला.
मीही वाकून ऐकलं. मला काही कळलं नाही.
"इथं उथळ घेऊ," एवढंच बोलला
आणि तंबाखूच्या जुन्या डब्यात
अर्धा तास पातळ रिंग शोधत बसला.

मे महिना, शेचाळीस अंश.
हेड सकाळपासून टिनाच्या छपरावर ठेवलेलं,
उरलेलं भट्टीनं तापवलं.
रिंगा शेजारच्या कुल्फीवाल्याच्या पेटीत रात्रभर,
बर्फात आणि खडेमिठात, साच्यांच्या शेजारी.
पक्कडीत धरून गल्ली ओलांडेपर्यंत
त्यांच्यावर दव आलं.
एक ठोका. दुसरा मारायचा नसतो.
मग आतली फुगत जाते, बाहेरचं आवळत येतं,
तोवर हेल्परसुद्धा बोलत नाही.

संध्याकाळी कोन घासून झाले,
निळी शाई लावून व्हॉल्व्ह फिरवला.
सीटवर अख्खं निळं वर्तुळ, कुठे तुटलेलं नाही.
"झालं," तो म्हणाला.
माझ्या पोटात मात्र उगाच गोळा आला;
निळं दिसलं की वाईट बातमी,
ही सवय जात नाही.

पैसे मोजताना हलकेच विचारलं त्यानं,
"बाई, रक्त तपासायचं तं मेयोतच जा लागते का?
त्या जुन्या पेट्रोलनंच हात धुतले ना आम्ही,
पोरगा होतो तेव्हापासून."

मी त्याला दाराशी उजेडात आणलं,
तोंड उघडायला सांगितलं,
हिरड्यांच्या कडेला निळी रेघ आहे का पाहू लागले.
खर्ऱ्याखाली काहीच दिसत नव्हतं.