स्वस्त टन

परळीच्या गेटाबाहेर खाजामियाँच्या टपरीवर
साहेबानं वहीत रेघ ओढून दाखवली:
एक टन धूर वाचवायला
सगळ्यात कमी खर्च इथंच येतो,
म्हणून पहिला हाच संच बंद.

हिशोबात चूक नव्हती.
जमीनसुद्धा तेव्हा इथंच स्वस्त पडली होती,
धरणातलं पाणी, रोजंदारी,
सटवाजीचा खोकला.
वीज डोक्यावरून गेली लांब,
आम्ही तारांखाली, भारनियमनात.

आता चिमणी गार.
राखतळ्यावरून वारं सुटलं की
दोरीवरची लुगडी अजून करडी होतात.
ही राख कुठल्या रकान्यात, साहेब?

साहेबानं वही मिटली.
वरच्या कार्यालयात विचारतो, म्हणाले.

खाजामियाँनं चहाचे पैसे
पुण्याच्या भावानं घेतले.